पुडीवर नाव नव्हतं

औषधाच्या दुकानातली सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती, असं विचारलं की लोक झोपेच्या गोळ्या म्हणतात, नाहीतर उंदरांचं औषध. उंदरांचं औषध मी कधी ठेवलंच नाही. मला विचाराल तर कात्री. साधी, काळ्या मुठीची, काउंटरला सुतळीनं बांधलेली कात्री. बत्तीस वर्षं मी ती चालवली, देवासला टेकरीच्या पायथ्याशी, दोन माणसं धड उभी राहणार नाहीत एवढ्याशा मेडिकलमध्ये. दोन वर्षांपूर्वी दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं आणि कात्री तेवढी घरी घेऊन आले. आता तिनं कोथिंबीर कापते.

अंकाचे संपादक म्हणाले, विचित्र गिऱ्हाइकांबद्दल लिहा. विचित्र गिऱ्हाइकं पुष्कळ होती. पण त्या सगळ्यांवर ताण असा प्रकार मी स्वतः केला, आणि त्यात माझ्या घरचं माणूस जाता जाता राहिलं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार शहाणी वाटणार नाही.

कात्रीचं असं आहे. दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप घेणारा माणूस आमच्याकडे कमी. "दीदी, दो गोली काट दो," हेच जास्त. नाव स्ट्रिपच्या पाठीवर असतं, कधी आडवं, कधी तिरकं. मुदत छापलेली असते एका टोकाला. मधून कापली की अर्धं नाव गिऱ्हाइकाच्या खिशात जातं आणि अर्धं माझ्या खणात राहतं. आठ दिवसांनी तोच माणूस दोन रिकामी चंदेरी घरं घेऊन येतो आणि म्हणतो, "यही वाली." त्याला फक्त रंग माहीत असतो. पिवळी कंबरेची, गुलाबी दाताची, पांढरी तापाची. रंग तर काय, कंपनी बदलली की बदलतो.

त्याहून जुनी रीत म्हणजे खुराक. माणूस येतो, कुठं दुखतंय ते बोटानं दाखवतो आणि म्हणतो, "एक खुराक बना दो." मग मेडिकलवाला कागदाच्या चौकोनात तीन गोळ्या टाकतो, एक दुखण्याची, एक सुजेची, एक गुंगी येईल अशी, आणि घडी घालून देतो. चिठ्ठी नाही, नाव नाही. मी दुकान सुरू केलं तेव्हा ही पद्धत जोरात होती. मी ती करायची नाही असं ठरवलं, तर पहिल्या वर्षी निम्मं गिऱ्हाईक पलीकडच्या मेडिकलवर गेलं. जाताना म्हणायचे, "ये दीदी गोली कम देती है, ग्यान ज्यादा."

एक ट्रक ड्रायव्हर अजून आठवतो. दाढी वाढलेली, खांद्यावर गमछा, कंबर धरून वाकडा उभा. म्हणाला, "दीदी, ऐसी खुराक बना दो कि धामनोद तक कमर का पता न चले." मी विचारलं, सकाळपासून काय काय घेतलंस. तो बोटांवर मोजायला लागला. ढाब्यावरच्या भियानं, म्हणजे तिथल्या मालकानं, दोन दिल्या होत्या, मक्सीच्या मेडिकलवरून एक खुराक घेतली होती, आणि जोडीदाराकडची एक. खिशातून कापलेले तुकडे काढले. मी ते काउंटरवर ओळीनं मांडले, चष्मा लावला आणि अर्धी अर्धी नावं जुळवत बसले. रंग तीन निघाले, आत मात्र तेच ते. वर जेवला नव्हता. मी म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत काही मिळणार नाही, जेव, पाणी पी, दोन तास आडवा हो. तो भडकला. "दुकान खोल के बैठी हो कि मंदिर?" असं म्हणून गेला. तीन-चार महिन्यांनी एक माणूस बायकोला घेऊन आला आणि विचारू लागला, मंदिरवाली दुकान यही है ना. तोच होता. बायकोच्या गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे ओतली आणि म्हणाला, "देख लो, इसमें कौन कौन एक ही है."

आत तेच ते म्हणजे काय, हे सांगायला मी एक उदाहरण द्यायची. लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल आमच्या लोकांत अजून आहे. मी माहेरी सरदारपूरला कुसुम, सासरी देवासला वसुधा, आणि भाऊ अजून कुस्मी म्हणतो. तीन नावं, बाई एकच. पॅरासिटामॉलचं तसंच. ती तापाच्या गोळीत एका नावानं असते, सर्दीच्या गोळीत दुसऱ्या, आणि गुडघ्याच्या गोळीत सुजेच्या औषधाबरोबर तिसऱ्याच नावानं. सर्दी, ताप आणि गुडघा एकाच आठवड्यात आले की माणूस तिन्ही घेतो, आणि त्याला वाटतं तीन वेगळी औषधं घेतली. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द. ती रोज गाठायची नसते. वय झालेल्या, बारीक अंगाच्या, रोज पिणाऱ्या, लिव्हर बिघडलेल्या माणसाची हद्द बरीच अलीकडे असते, ती डॉक्टरांना विचारावी.

सुजेच्या गोळ्यांचं त्याहून अवघड. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, ही सगळी एकाच घराण्यातली. त्यातल्या दोन एका वेळी चालू ठेवल्या तर दुखणं काही दुपटीनं कमी होत नाही, पोटाचं आतलं अस्तर आणि किडनी मात्र भरडून निघतात. ब्लडप्रेशरची औषधं चालू असली आणि वय सत्तरीच्या पुढं असलं तर जास्तच. हे मी काउंटरवर उभी राहून हजारदा सांगितलं असेल. झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आता वन्सं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमच्याकडे नणंदेला अजून वन्संच म्हणतात, तिकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना हसू येतं. लग्न केलं नाही, मनावरला आणि मग धारला शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर धारलाच दोन खोल्या घेऊन राहिल्या. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्या इंदूरच्या फार्मसी कॉलेजचा फॉर्म भरून घेऊनच घरी आल्या. सासूबाई म्हणाल्या, सुनेला कशाला कॉलेज. वन्सं म्हणाल्या, "घरात बसून पोळ्या लाटल्या तर हिचे हात दुखतील, दुकानात उभी राहिली तर पाय दुखतील. पायांचं पुढं बघू." मला विचारलंसुद्धा नाही. फी त्यांनी भरली, पहिल्या परीक्षेला त्या कॉलेजच्या फाटकाशी डबा घेऊन बसल्या. मी आज जी काही आहे ती त्या बाईमुळे आहे, हे मी त्यांना कधी तोंडानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, नाटकं पुरे.

पाय दुखायची पाळी त्यांची आली. चाळीस वर्षं फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या बाईचे गुडघे, आणि नंतर बोटांचे सांधेही वाकडे झाले. एकदा मी धारला गेले असताना पाहिलं, त्या स्ट्रिपमधून गोळी काढायचा प्रयत्न करत होत्या. अंगठ्यानं दाबवेना. मग दातानं फोडली, गोळीचे दोन तुकडे झाले, एक जमिनीवर पडला. मला ते बघवलं नाही. मी देवासला परत आले आणि वन्संसाठी पुड्या बांधल्या. अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी येते ती, स्ट्रिपमधून एक एक काढून पांढऱ्या कागदात, वर माझ्या अक्षरात लिहून: सकाळी जेवून. संध्याकाळी जेवून. जन्मात कुणाला खुराक बांधून दिली नव्हती मी. पण ही खुराक नव्हे अशी माझी स्वतःची समजूत होती. हे घरचं होतं.

म्हटलं होतं, दुखेल तेवढे आठ दिवस घ्या. मग कुणी धारला निघालं की शेवेच्या पुड्याबरोबर ह्या पुड्या जायच्या. देवासहून इंदूरला गाडी बदलून धार, आमचं नातेवाइकांचं येणंजाणं भरपूर. लग्न, मुंज, गणपती, कुणाचा तेरावा, प्रत्येक वेळी कुणी ना कुणी जायचं, आणि मी पुड्या द्यायची. वन्सं फोनवर म्हणायच्या, "तुझ्या हातच्या गोळीनं बरं वाटतं गं." मला ते ऐकायला आवडायचं. आठ दिवसांची तीन वर्षं कधी झाली ते मला कळलं नाही. किडनीची तपासणी करा असं दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं, वन्संना एकदाही सांगितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या काउंटरखालीच होता.

त्या वर्षी थंडी कडक पडली आणि वन्संचा उजवा गुडघा सुजला. त्या धारच्या डॉक्टरांकडे गेल्या. ब्लडप्रेशरचं औषध त्यांच्याकडचंच होतं. त्यांनी तपासलं, विचारलं, और कोई दवाई चल रही है क्या. वन्सं म्हणाल्या, नाही. त्यांनी दहा दिवसांसाठी डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी लिहून दिली. त्यांची काही चूक नाही, त्यांनी विचारलं होतं. दोन दिवसांनी सर्दी झाली तर शेजारच्या चौहान भाभींनी मायेनं आपल्या घरची सर्दीची गोळी दिली. वन्संनी सगळं वेळेवर घेतलं. गणिताच्या बाई होत्या, डोस चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दुकानात फोन आला. मी कुणाला तरी चार गोळ्या कापून देत होते. वन्संना बई म्हणणाऱ्या चौहान भाभी म्हणाल्या, "दीदी, बई बाथरूम में गिर गईं. दो दिन से काला-काला जा रहा था, बताया नहीं हमको." शौचाला काळं म्हणजे काय ते मला लगेच कळलं. लोहाच्या गोळ्या चालू नसल्या तर ते पोटातलं रक्तच असतं. पाय सुजलेत का, लघवी होतेय का, एवढं विचारलं आणि म्हटलं, भाभी, वेळ घालवू नका, गाडीत घाला आणि थेट इंदूरला आणा, आणि घरात ज्या काही गोळ्या असतील त्या सगळ्या बरोबर आणा. शटर ओढून मी निघाले. ह्यांना कंपनीतून वाटेत घेतलं. ह्यांनी गाडीत एकच विचारलं, "तू पाठवत होतीस त्यात काय होतं?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले. 

हॉस्पिटलमध्ये वन्संना बघितलं तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं. कागदासारखा रंग. रक्ताची बाटली लावलेली. डॉक्टर पोरसवदा बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं टेबलावर चौहान भाभींनी आणलेला बिस्किटांचा डबा उपडा केला. ब्लडप्रेशरची स्ट्रिप, गुडघ्याची स्ट्रिप, सर्दीच्या गोळीचा तुकडा, आणि माझ्या पुड्या. अकरा होत्या. तिनं एक उघडली, गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट केली. नावावाचून काय कळणार.

"बाकी सब पर नाम लिखा है," ती म्हणाली. "ये पुड़िया किस झोलाछाप से लाती थीं?"

झोलाछाप म्हणजे आमच्याकडे डिग्रीशिवाय पिशवी लटकावून फिरणारा डॉक्टर. चौहान भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. हे खिडकीकडे बघत होते. वर लिहिलेलं अक्षर माझं, वळणदार, वन्संनीच पाटीवर कौतुक केलं असतं असं. क्षणभर वाटलं, गप्प राहावं, गोळी कुठली ती हळूच बाजूला नेऊन सांगावी. असं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

"मैंने दी हैं," मी म्हटलं. "मैं फार्मासिस्ट हूँ."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पेन उचललं आणि विचारलं, काय औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस. मी एकेक सांगत गेले. तीन साल, म्हटल्यावर पेन थांबलं आणि पुन्हा चाललं. मग ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आता कळलं किडनीची तपासणी इतकी वाईट का आली ती. मी पॅरासिटामॉलचा हिशेब तिच्यापुढंच तोंडी केला, तिन्ही गोळ्यांचा मिळून. लिव्हरची तपासणीही लिहिली तिनं. ती सुदैवानं ठीक निघाली.

तीन दिवस काही सांगता येत नव्हतं. दुर्बीण घालून पोटातली जखम बंद केली, आणखी दोन बाटल्या रक्त चढलं, आणि किडनीचा आकडा रोज सकाळी यायचा. मी तो आकडा बघायला बाहेरच्या बाकावर बसून असायची. इतक्या वर्षांत मी लोकांच्या आकड्यांकडे बघून मान हलवलेली आहे, हा आकडा मात्र माझ्यानं वाचवत नव्हता. हे वाचून दाखवायचे. चौथ्या दिवशी थोडा खाली आला. पाचव्या दिवशी वन्संनी चहा मागितला आणि चहा पांचट आहे म्हणून नर्सला सुनावलं. मी बाहेर जाऊन रडले.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "वन्सं, हे माझ्यामुळं झालं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ती पोरगी सांगून गेली सगळं. तू कबूल केलंस म्हणाली."

"पण डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, दुसरं काही घेता का म्हणून. तुम्ही नाही का म्हणालात?"

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, वर्गात साधी बेरीज चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं. म्हणाल्या, "त्यांनी औषधं विचारली गं. तुझी पुडी औषध कुठं होती? ती तू पाठवलेली."

  स्ट्रिपवरचं नाव काढून टाकून मी तिथं माझं अक्षर घातलं होतं, आणि त्यांनी ते अक्षर वाचून गिळलं होतं.

वन्सं वाचल्या. किडनी पूर्वीसारखी झाली नाही, निम्म्यावर आहे, तेवढ्यावर संसार चाललाय असं त्याच म्हणतात. सुजेच्या गोळ्या जन्मभर बंद. फार दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी ठरवून दिली तेवढीच. बाकी शेक, मलम, आणि शिव्या. थंडीत त्यांचं फार दुखतं, आणि मला माहीत आहे कुठली गोळी दिली तर अर्ध्या तासात थांबेल. ती देता येत नाही. हे दुखणं त्यांच्याइतकंच माझंही आहे, फक्त मला गुडघ्यात होत नाही.

दुकानात परत आल्यावर मी स्ट्रिप नावाच्या बाजूनं कापणं बंद केलं. दोन गोळ्या हव्या असतील तर नाव आणि मुदत गिऱ्हाइकाकडे जाईल असा तुकडा कापायचा, आणि उरलेल्यावर मी माझ्यासाठी पेननं नाव लिहायचं. ज्यांना स्ट्रिप फोडता येत नाही अशा म्हाताऱ्यांना छोटी डबी द्यायची, तिच्यावर औषधाचं नाव हिंदीत, मोठ्या अक्षरात. आणि प्रश्न बदलला. आधी विचारायची, और कौनसी दवाई चल रही है. लोक म्हणायचे, कुछ नहीं. मग मी विचारायला लागले, घर से कोई गोली मिली है? बेटी ने, बहू ने, पड़ोसन ने कुछ दिया है? मग हळूच पदराच्या गाठीतून, पाकिटातून, देव्हाऱ्यातल्या वाटीतून पुड्या निघायच्या. इतक्या निघायच्या की मला एकटीला लाज वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटायची.

परवा धारला गेले होते. वन्सं आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. जेवण झाल्यावर त्यांना घशाशी आंबट आलं. मी पर्स उघडली, माझी आम्लपित्ताची गोळी होती, माझ्यासाठीच ठेवलेली, कधीतरी घाईत कापलेला एका गोळीचा तुकडा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी तो फोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

वन्संनी ती तोंडात टाकली नाही. वाकड्या बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघितली. मग तुकडा मागितला, चष्मा लावून पुढून मागून बघितला. त्याच्यावर नावातली शेवटची दोनच अक्षरं होती.

"काय आहे हे?"

मी सांगितलं.

"लिहिलंय कुठं?"

मी म्हटलं, वन्सं, माझीच आहे, मी रोज घेते.

"असेल," त्या म्हणाल्या. गोळी माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटवली. "नाव नाही, तर नको बाई. तुझ्याकडून सुद्धा नको."

मी ती पर्समध्ये टाकली आणि त्यांना ओव्याचं पाणी करून द्यायला उठले. स्वयंपाकघरात गेल्यावर डोळ्याला पाणी आलं, ते कशाचं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बत्तीस वर्षांत मी सांगितलेलं एवढं नीट कुणी शिकलं नव्हतं, आणि ते मलाच लागू झालं होतं.